आवडत्या मराठी कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबऱ्यांबद्दल कुठेही चार शब्द बोललं की त्यानंतर प्रश्न येतात, आणि बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्या शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं एका वाचकाची आहेत, समीक्षकाची नव्हेत. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मराठी कादंबरी कधी वाचलेलीच नाही. सुरुवात कुठून करू?

'बनगरवाडी'पासून. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर बंद पडलेली शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. पुस्तक जाड नाही, वाक्यं छोटी आहेत, शब्द रोजच्या वापरातले आहेत. दोन-तीन बैठकांत वाचून होतं आणि आपल्याला मराठी कादंबरी वाचता येते, हा विश्वास देऊन जातं.

शाळकरी वयाच्या आसपासचं काही हवं असेल तर मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. गोष्टीने ओढून न्यायला हवं असेल तर 'मृत्युंजय' (प्रश्न ८). पुष्कळ जण नवख्या वाचकाच्या हातात थेट 'कोसला' (प्रश्न ५) देतात. माझं मत वेगळं आहे. ती तिसरी किंवा चौथी म्हणून वाचा, म्हणजे तिने काय मोडलं ते कळेल.

२. सर्वांत चांगल्या दहा कादंबऱ्यांची यादी द्याल का?

नाही. 'ययाति'कार वि. स. खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं आणि 'कोसला'कार भालचंद्र नेमाड्यांना २०१४चं. ज्याला 'ययाति' मनापासून भावते त्याला 'कोसला' पन्नासाव्या पानावर भिरकावून द्यावीशी वाटते, आणि कोसलावाल्यांचं 'ययाति'बद्दल तेच होतं. दोन्ही एका यादीत बसवून कुणाचंच भलं होत नाही. त्यापेक्षा तुम्हाला शेवटचं कुठलं पुस्तक खाली ठेववलं नाही ते सांगा. तिथून पुढचं नाव सुचवणं सोपं जातं.

३. कथानक नीट आठवतही नाही, तरी ती माझी आवडती कादंबरी आहे असं मी सांगत असते. हे खोटं आहे का?

मुळीच नाही, आणि या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

कथानक विसरतंच. कोण कुणाचा चुलता होता, पत्र कुणी लपवलं, हे वर्षभरात पुसट होतं. राहतो तो सांगणाऱ्याचा आवाज. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कुठे घाई करतंय, कुठे गप्प बसतंय, हे कानात बसतं. एखादी कादंबरी आवडती होते तेव्हा बहुतेक वेळा तो आवाज आपल्याला ओळखीचा झालेला असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टींतले तपशील विसरतात, पण त्यांची सांगण्याची ढब विसरत नाही, तसंच हे.

'बनगरवाडी'तली तालीम घ्या. मास्तरच्या मनात येतं की गावाला तालीम हवी. ज्या वस्तीत उद्याच्या भाकरीची खात्री नाही ती माणसं कामाला लागतात, तालीम उभी राहते, आणि साक्षात औंधचे राजेसाहेब वस्तीवर येतात. गावाच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. मग पाऊस दडी मारतो. चारा संपतो, मेंढरं मरायला लागतात, एकेक घर बिऱ्हाड उचलून जगायला बाहेर पडतं आणि वस्ती ओस पडते. हे कुणाला दोन वाक्यांत सांगितलं तर तो 'अरेरे' म्हणेल आणि विसरेल. पुस्तकात ते विसरता येत नाही, कारण सांगणारा मास्तर आवाज चढवत नाही. तालमीची बातमी ज्या सुरात सांगितली, दुष्काळाचीही त्याच सुरात सांगतो. रडायचं की नाही हे त्याने आपल्यावर सोडलेलं असतं. माडगूळकर चित्रं काढत, शिकारीच्या निमित्ताने रानात फिरत. नीट बघायचं आणि बघितलं तेवढंच सांगायचं, ही सवय पानोपानी जाणवते.

स्वतःसाठी एक परीक्षा करून बघा. आवडत्या पुस्तकाचं मधलंच कुठलंही पान उघडा आणि चार ओळी मोठ्याने वाचा. लेखकाचं नाव झाकूनही कोण बोलतंय ते कळलं, तर कथानक विसरल्याची चुटपुट लावून घेऊ नका.

४. बोलीभाषेतली कादंबरी अर्धीच कळते. 'धग' दोनदा सुरू करून सोडली. काय करू?

मोठ्याने वाचा. एवढा एक उपाय बहुतेकांना पुरतो.

उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) विदर्भातली आहे. कौतिक नावाची बाई, तिचा हातपाय न हलवणारा नवरा महादेव, पोरं आणि कधी न सुटणारी गरिबी. निवेदन साध्या मराठीत आहे, संवाद वऱ्हाडीत. डोळ्यांनी वाचताना 'व्हय', 'काहून', 'आमाले', 'तुह्यं' असे शब्द अडवतात, तोंडाने वाचले की अर्थ लागतो. दर शब्दाला थांबू नका. वीस-पंचवीस पानांत कान तयार होतो. आणि मग लक्षात येतं की कौतिकचं बोलणं प्रमाण मराठीत आणलं असतं तर कौतिकच उरली नसती. तिचा ताठा, तिचं पोरांवर खेकसणं, सगळं त्या बोलीच्या हेलात आहे.

आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) याच्या पुढची पायरी आहे. तिथे निवेदनही बोलीत आहे. दुसऱ्याच्या मळ्यात राबणारा नारबा जनावरांनाच आपला गोतावळा मानतो, आणि मळ्यात ट्रॅक्टर येतो. 'धग' आधी वाचा, 'गोतावळा' नंतर.

५. 'कोसला'त नायक काहीच करत नाही. लोकांना त्यात एवढं काय दिसतं?

पांडुरंग सांगवीकर काहीच करत नाही, हा समज पुस्तकाच्या शेवटावरून झालेला असतो. पहिला अर्धा भाग परत बघा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात आलेला हा मुलगा नको इतकं करतो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्रांसाठी हात सैल सोडणं, सगळीकडे पुढे. पैसा बापाचा जातो, फायदा भलतेच उपटतात, आणि परीक्षेचा बोऱ्या वाजतो. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या कुणालाही यातला हिशेब ओळखीचा वाटेल.

मग धाकटी बहीण जाते. तोवर पांडुरंग सगळ्याची टर उडवत असतो: प्राध्यापकांची, पुणेकरांची, स्वतःची. इथे मात्र ती भाषा त्याला पुरत नाही. वाक्यं तुटतात, तोच तोच विचार फिरून येतो, रागाला जागा सापडत नाही. मी हा भाग पुष्कळांना वाचून दाखवला आहे. 'कोसला' न आवडणारेही तिथे गप्प होतात. त्यानंतर तो जे 'करत नाही', त्याला त्या मृत्यूची पार्श्वभूमी आहे.

दुसरं म्हणजे रचना. पुस्तकात आत्मनिवेदन आहे, मध्येच रोजनिशी आहे, इतिहाससंशोधनाच्या थाटातलं लेखनही आहे. १९६३ साली, वयाच्या पंचविशीत नेमाड्यांनी हे लिहिलं तेव्हा मराठी कादंबरीला नीटनेटकं कथानक आणि सुंदर वाक्यांची सवय होती. त्यानंतर लिहिणाऱ्या तरुणांना वाटलं, आपण बोलतो तसं लिहिलं तरी चालतं. एवढं सांगूनही नाहीच आवडली तर सोडून द्या (प्रश्न १३).

६. शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या आज वाचवतात का? भाषा जड नाही?

काही नाही वाचवत. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात, विधवांच्या स्थितीवरचं ते धाडसी पुस्तक आहे, पण आज ते अभ्यासासाठीच हातात घेतलं जातं.

'पण लक्षात कोण घेतो?' मात्र आजही वाचवते. हरि नारायण आपट्यांनी ती 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः लिहिली आणि १८९३मध्ये ती पुस्तकरूपात आली. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते: माहेर, सासर, समजूतदार नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, त्याचा मृत्यू, आणि तिच्यावर जबरदस्तीने झालेलं केशवपन. लिहिणारा पुरुष आहे, पण बोलणारी मुलगीच वाटते. सासरच्या माजघरातले टोमणे, दबक्या आवाजातली कुजबुज, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची चोरी, हे तिने इतकं बारीक सांगितलंय की भाषेचं जुनेपण दहा पानांत विसरायला होतं. लांब आहे, हे खरं. आठवड्याला थोडी थोडी वाचा. तेव्हाच्या वाचकांनीही तशीच वाचली होती.

७. ऐतिहासिक कादंबरीतलं खरं किती धरायचं?

घटना आणि तारखा इतिहासाच्या पुस्तकात तपासा. संवाद कादंबरीकाराचे असतात, तिथे 'खरं का' हा प्रश्नच लावू नका.

रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) घ्या. माधवराव पेशवे १७७२मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. दोघं एकांतात काय बोलले, हे देसाईंनी रचलं. अडचण अशी की रचलेलं इतकं लोकांच्या मनात बसतं की वादात पुरावा म्हणून कादंबरीतली वाक्यं फेकली जातात. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'चंही (१९८८) असंच होतं. ती वाचून १४ जानेवारी १७६१चा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो, ही लेखकाची ताकद. पण कुणाच्या मनात तेव्हा काय होतं याची साक्ष म्हणून ती वापरू नये.

ज्यांना हा गोंधळच नको त्यांनी नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' वाचावी. मोठ्या घडामोडी तिथे एक सामान्य, स्वतःचा जीव सांभाळणारा माणूस सांगतो. तो आपल्याला पटवायला बसलाय हे दिसत असल्यामुळे आपण सावध राहतो, आणि काळ मात्र नीट कळतो. मला स्वतःला इतिहासावरच्या मराठी कादंबऱ्यांत ही सगळ्यात जवळची.

८. 'मृत्युंजय' आणि 'राधेय' दोन्ही कर्णावर. आधी कोणती?

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आधी. तिथे कर्ण एकटा बोलत नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही आपापले भाग आहेत, त्यामुळे एकच माणूस आईला, मित्राला, बायकोला, भावाला कसा वेगवेगळा दिसतो ते कळतं. माझ्या मते धाकट्या शोणाचा भाग सगळ्यात जिवंत आहे, कारण त्याला मोठेपणाचं ओझं नाही. भाषा अलंकारिक आहे, काहींना ती नंतर जड वाटते (प्रश्न १२). रणजित देसाईंची 'राधेय' आटोपशीर आहे.

९. 'श्यामची आई', 'बलुतं', 'युगांत' यांना कादंबरी म्हणावं का?

तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

'श्यामची आई' साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५मध्ये ती प्रसिद्ध झाली. आठवणी त्यांच्याच, पण मांडणी गोष्टीची: श्याम रोज रात्री मित्रांना सांगतो आणि प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत. मी तिला कादंबरीत धरतो, कुणी आत्मकथेत धरलं तर भांडत नाही.

'बलुतं'बद्दल मात्र भांडेन. १९७८चं हे दया पवारांचं आत्मकथन आहे. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवारला सांगतो, अशी योजना असल्यामुळे काहींना ती कादंबरी वाटते. पण लेखकाने 'हे माझ्यावर गुदरलं' म्हणून जे पुढे ठेवलं आहे त्याला कल्पित म्हणणं म्हणजे त्याची साक्ष पुसणं.

'युगांत' इरावती कर्व्यांचे महाभारतावरचे लेख आहेत, कादंबरी नव्हे. 'मृत्युंजय' वाचून झाल्यावर जरूर वाचा, कर्ण वेगळाच दिसेल.

१०. वेळ कमी आहे. एका दिवसात संपेल अशी एखादी?

'रणांगण', विश्राम बेडेकर, १९३९. युरोपातून निघालेली बोट, दुसरं महायुद्ध तोंडावर, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू. त्यांतली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. इतक्या कमी पानांत प्रेम, वंशद्वेष आणि माणसाची हतबलता मराठीत क्वचितच आली आहे. बेडेकरांनी पुढे दुसरी कादंबरी लिहिली नाही.

मन शांत असेल तेव्हासाठी पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (१९६२). सगळी पत्रांतून. पत्रं फक्त सावित्रीची आहेत, ज्याला लिहिली त्याची उत्तरं आपण मनात लिहायची.

११. सिनेमा आधी पाहिला. आता कादंबरी वाचण्यात मजा उरली का?

उरली. 'शाळा'वरचा सिनेमा पाहिला असेल तरी मुकुंद जोशीच्या डोक्यात चाललेली बडबड पुस्तकातच मिळते, आणि तिच्यासाठीच ते वाचायचं. 'सिंहासन' (१९७९) हा सिनेमा अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून झाला, त्यामुळे दोन्ही वाचल्या तर सिनेमात काय राहून गेलं तेही कळतं. उलट अनुभवही येतो: सिनेमातला नट डोक्यातून जात नाही. त्यावर उपाय माझ्याकडे नाही.

१२. कॉलेजात 'ययाति' डोक्यावर घेतली होती. आता वाचली तर भाषा सजवलेली वाटली. तेव्हा माझी आवड चुकीची होती का?

चुकीची नव्हती. 'ययाति' (१९५९) वासनेबद्दल मोकळेपणाने बोलते. सतरा-अठराव्या वर्षी आपल्याशी त्या विषयावर गंभीरपणे बोलणारं दुसरं कुणी नसतं, म्हणून ते पुस्तक जवळचं होतं. सुभाषितासारखी वाक्यं तेव्हा वहीत उतरवून घ्यावीशी वाटतात, पुढे तीच वाटेत येतात. तरी देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः बोलतात ते भाग आता पुन्हा वाचा. ययातीपेक्षा त्या दोघी जास्त टिकल्या आहेत, असं मला वाटतं.

१३. तीनशे पानं वाचून कंटाळा आला. सोडली तर चालेल?

चालेल. फक्त कंटाळा कशाचा आहे ते बघा. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) दोन खंडांची, खोत घराण्याच्या कित्येक पिढ्यांची. तिथे बहुतेकांचा कंटाळा हा खरं तर नावांचा गोंधळ असतो. कागदावर वंशावळ काढून पुस्तकात ठेवा, गाडी पुढे सरकते. सांगणाऱ्याचा आवाजच आवडत नसेल (प्रश्न ३), तर मात्र पुढच्या तीनशे पानांत तो बदलणार नाही. बिनदिक्कत सोडा.

१४. या सगळ्यात बायकांनी लिहिलेलं एकही नाव नाही!

'युगांत' सोडलं तर हे खरं आहे, आणि ती कादंबरी नव्हे. लोक विचारतात त्या नावांतच बायका कमी असतात, हे वाचकांचं दुर्दैव.

विभावरी शिरूरकर या नावाने १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातलं कुणीतरी उघड बोललं म्हणून केवढी खळबळ उडाली, आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या मालतीबाई बेडेकर. 'रणांगण'कार विश्राम बेडेकर हे त्यांचे पती. मालतीबाईंची 'बळी' (१९५०) मी आग्रहाने वाचायला सांगतो. ब्रिटिश कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारांच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवत. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी नोकरी केली होती. दुरून कळवळा येऊन लिहिलेलं पुस्तक ते नाही. आत राहणाऱ्यांची भांडणं, प्रेमं, चोऱ्या, अब्रूच्या कल्पना त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

पुढे गौरी देशपांडे आणि मेघना पेठे वाचा. पेठ्यांची 'नातिचरामि' (२००५) लग्नसंस्थेबद्दल इतकं स्पष्ट बोलते की ती वाचून झाल्यावर घरात एखादी चर्चा होतेच.

१५. हवी ती कादंबरी दुकानात नाही. कुठे शोधू?

जुन्या ग्रंथालयांत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्यांहून जुनं आहे. शिवाय तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय कमी लेखू नका, दुकानातून गेलेल्या आवृत्त्या तिथल्या कपाटात असतात. परदेशात असाल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात विचारा. पुष्कळ मंडळांकडे सभासदांनी दिलेली पुस्तकं असतात.

१६. मुलांना मराठी कळतं, पण देवनागरी वाचता येत नाही. काय वाचून दाखवू?

'श्यामची आई'तली एक रात्र, एका रात्री. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र असल्याने मध्ये चार दिवस गेले तरी बिघडत नाही. दहा-अकराच्या पुढची मुलं असतील तर 'बनगरवाडी'. त्यात शाळा आहे, कुत्री आहेत, मेंढरं आहेत, आणि मुलांना न आवडणारं लांबलचक वर्णन नाही. अडलेल्या शब्दाला थांबून अर्थ सांगत बसू नका, विचारलं तरच सांगा. 'धग' आणि 'बळी' मुलं मोठी झाल्यावर स्वतः वाचतील. तेव्हा त्यांना प्रश्न ४ दाखवा.